पुलावर ट्राम नव्हती

दादांचं मला आलेलं पहिलं पत्र सहा ओळींचं होतं. एका दिवाळी अंकात माझी रहस्यकथा आली होती. तिच्यातला खुनी पळून जाताना हावड्याच्या पुलावर ट्राममध्ये उडी मारतो, असं मी लिहिलं होतं. कथेतलं साल होतं २००४. पत्रात लिहिलं होतं : "कथा आवडली. खुनी शेवटच्या पानापर्यंत ओळखता आला नाही. परंतु हावडा पुलावरची ट्राम १९९३ साली बंद झाली. तुमचा माणूस पुलावर नुसता उभा राहिला असता आणि पोलिसांना सापडला असता." खाली कोलकात्याचा पत्ता आणि शेवटची ओळ : नोकरीमुळे पुण्यात अकरा वर्षं होतो, मराठी तिथंच शिकलो, मीही रहस्यकथा लिहितो, बंगालीत.

त्या कथेबद्दल मला स्तुतीची पत्रंही आली होती. ती कुठं गेली ते आठवत नाही. हे पत्र अजून माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे. ते वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. प्रेमकथेत ट्राम चुकली तर फारसं बिघडत नाही, वाचक पुढं जातो. रहस्यकथेत मात्र वाचक प्रत्येक दार, प्रत्येक घड्याळ, प्रत्येक गाडी लक्षात ठेवत असतो, कारण लेखकानंच त्याला तसं करायला लावलेलं असतं. गाव काल्पनिक असलेलं त्याला चालतं. खऱ्या पुलावरची खोटी ट्राम ही त्याची फसवणूक होते.

मी उत्तर लिहिलं, त्यांचं उत्तर आलं, आणि मग सात वर्षं पत्रं आणि फोन चालू राहिले. मध्ये नागपूरची ताई आमच्यात आली. ती एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते आणि रात्री रहस्यकथा लिहिते. आम्हा तिघांचं बोलणं बहुतेक प्रवासाबद्दलच असायचं. कुणी कुठं गेलं की तिथली खबर बाकीच्या दोघांना द्यायची : धर्मशाळेचं मागचं दार कुठं उघडतं, घाटात धुकं किती वाजता उतरतं, नदीच्या घाटावर पहाटे पहिला माणूस कोण येतो. सात वर्षांत आम्ही एकमेकांना निम्मा देश असा सांगितला होता, पण दादांना आम्ही दोघींनी पाहिलं मात्र नव्हतं. शेवटी एका डिसेंबरात आम्ही दोघी हावड्याच्या गाडीत बसलो.

मी पुण्याहून, ती नागपूरहून. नागपूरला गाडी थांबली आणि ताई संत्रा बर्फीचा डबा घेऊन चढली. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. पहिला घास घेण्याआधीच ती माझ्या नव्या कथेवर आली.

"त्या सायनाइडचा बदामाचा वास तू काहून घालून राहिली दर गोष्टीत?"

"सगळेच घालतात."

"सगळे चुकून राहिले मंग. कितीतरी लोकांना तो वास जन्मापासूनच येत नाही. तुझ्या इन्स्पेक्टरला येते, हवालदाराले येते, डॉक्टरले येते. तो वास न येणारा एकही माणूस नाही का तुझ्या ठाण्यात?"

मी डबा बाजूला ठेवून वही काढली. ज्याला वास येत नाही असा हवालदार! पंचनाम्यात तो "कसलाही वास नाही" असं प्रामाणिकपणे लिहील आणि सगळा तपास भलतीकडं जाईल. गोंदिया मागं पडेपर्यंत आम्ही त्या हवालदाराला घर, बायको आणि स्वभाव देऊन टाकला होता. ताईच्या दुरुस्तीतून नेहमी असं एक नवं माणूस निघतं.

दुसऱ्या दिवशी खिडकीबाहेर साल वृक्षांचं रान संपलं आणि सपाट बंगाल सुरू झाला. तिथं पहिल्यांदा डोळ्यांत भरली ती तळी. गावाला एक असं नव्हे, जवळजवळ प्रत्येक घराला एक. त्याला पुकुर म्हणतात. मागच्या अंगणातून दोन पायऱ्या उतरल्या की हिरवं पाणी, कडेला केळी, पाण्यात बदकं, एक बाई भांडी घासते आहे, पलीकडं एक पोरगा गळ टाकून बसला आहे. आमच्या दख्खनच्या पठारावर पाणी खोल असतं, त्यासाठी काळा कातळ फोडावा लागतो. म्हणून आमच्या कथांमध्ये माणूस नाहीसा झाला की गाव विहिरीत डोकावतं. विहीर अंधारी, एकाकी, तिच्याभोवती दबा धरता येतो. पुकुर उघडा, घरचा, सगळ्यांच्या नजरेत. तिथं घडणारी गोष्ट घरातल्याच माणसानं केलेली असणार. बंगाली रहस्यकथेत संशय नेहमी घराच्या आत, वाटणीच्या भांडणात, जिन्यावर का फिरतो, याचं थोडंफार उत्तर मला त्या खिडकीत मिळालं.

दादा फलाटावर शाल पांघरून उभे होते. आवाजावरून मी त्यांना उंच कल्पिलं होतं, ते ठेंगणे निघाले. त्यांनी हात जोडले, आमच्या हातातल्या पिशव्या घेतल्या आणि म्हणाले, "ताई, घरी नंतर. आधी पूल."

हावड्याचा पूल मी चित्रपटात शंभरदा पाहिला असेल, पण त्यावर चालताना पायाखाली जी थरथर लागते ती पडद्यावर दिसत नाही. डोक्यावर पाट्या घेतलेले हमाल जवळजवळ धावत असतात, त्यांना वाट द्यावीच लागते. झेंडूच्या माळांचे गठ्ठे खांद्यावरून जातात, कारण पुलाखाली मल्लिक घाटावर फुलांचा बाजार आहे. नदीच्या पात्रात पुलाला एकही खांब नाही. दादांनी माझा तळहात धरून एका जाड लोखंडी पट्टीवर टेकवला. रिव्हेटांची गोल टोकं हाताला लागली, थंड आणि ओलसर, रंगाचे थरावर थर चढून गुळगुळीत झालेली. "सबंध पुलात नट-बोल्ट नाही," ते म्हणाले. "सगळं रिव्हेटांवर. साडेसव्वीस हजार टन पोलाद, १९४३ पासून उभं आहे." मग रस्त्याच्या मध्याकडं बोट दाखवून म्हणाले, "ट्राम इथून जायची. कॉलेजात असताना मी रोज तिच्यात बसलोय."

पुस्तकात बघून मी ते साल दुरुस्त करू शकले असते. पण तिथं उभं राहून एका माणसानं आपल्या तरुणपणातली ट्राम बोटानं दाखवली, तेव्हा माझ्या चुकीचं वजन मला पहिल्यांदा कळलं.

दादांचं घर उत्तर कोलकात्यात, जुनं, हिरव्या लाकडी झडपांच्या खिडक्यांचं. दाराबाहेर रस्त्याला लागून सिमेंटचा उंच कट्टा, त्याला रोआक म्हणतात. संध्याकाळी तिथं शेजारचे चार म्हातारे येऊन बसले आणि अड्डा सुरू झाला. पुण्यातल्या वाड्यांनाही ओटे होते. आमच्या लहानपणी त्यांवर बसून आजोबा मंडळी बोलायची. आमच्याकडं बोलणं एखाद्या विषयावर असायचं आणि विषय संपला की लोक उठायचे. इथं विषय संपतच नाही. माशाच्या भावावरून निघालेलं बोलणं पावसावर, तिथून फुटबॉलवर, तिथून रवींद्रनाथांच्या एका नाटकावर गेलं आणि पुन्हा माशावर आलं. कुणालाही जिंकायचं नव्हतं. एकानं मला विचारलं, तुम्ही काय लिहिता? मी जरा संकोचानं रहस्यकथा म्हटलं. ते म्हातारबुवा उठले, नमस्कार केला आणि पुन्हा बसले. मी चाळीस वर्षं मराठीत वाचते आहे, वीस वर्षं लिहिते आहे, पण रहस्यकथा लिहिते म्हटल्यावर कुणी उठून नमस्कार केलेला मला आठवत नाही.

त्याचं कारण दादांच्या पुस्तकांच्या कपाटात दिसलं. काचेच्या दारामागं रवींद्रनाथांच्या खंडांशेजारी शरदिंदू बंद्योपाध्याय, त्यांच्या शेजारी सत्यजित राय. शरदिंदूंचा गुप्तहेर ब्योमकेश आणि रायांचा फेलूदा थोरामोठ्यांच्या रांगेत बसलेले. राय जगभर नावाजले गेलेले चित्रपटकार, आणि त्यांनी आजोबांनी काढलेल्या 'संदेश' या मुलांच्या मासिकात १९६५ मध्ये फेलूदा सुरू केला, त्याची चित्रंही स्वतः काढली. आमच्याकडं बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्यासाठी वाचनालयांत नंबर लागायचे, कित्येकांना वाचनाची गोडीच त्यांनी लावली. पण घरात ती पुस्तकं उशीखाली असायची. कपाटात त्यांना जागा मिळाली नाही. हा आपल्याकडून झालेला अन्याय आहे असं माझं मत आहे आणि ते त्या कपाटासमोर उभं राहून पक्कं झालं.

रात्री जेवायला बसलो. बौदींनी, म्हणजे दादांच्या पत्नींनी, ताटात फक्त भात वाढला आणि बाजूला शुक्तो : कारलं, कच्चं केळं, शेवग्याच्या शेंगा, सगळं कडवट आणि दुधाळ. मी बाकीच्या पदार्थांची वाट बघत थांबले. दादा म्हणाले, "ताई, हे संपवा. मग पुढचं." कडू संपल्यावर डाळ आणि वांग्याचे तळलेले काप आले, मग केळफुलाची भाजी, मग रुई माशाचा कालवणी रस्सा. मला वाटलं झालं, तर टोमॅटो आणि खजुराची गोड चटणी आली, पापड आला, आणि सर्वांत शेवटी नलेन गुडाचा संदेश. खजुराच्या झाडाचा हा नवा गूळ फक्त थंडीत मिळतो, त्याला धुराचा किंचित वास असतो. बौदी प्रत्येक वेळी "आर एकटू" म्हणत, अजून थोडं, आणि वाढूनच टाकत.

आमच्या ताटात सगळं पहिल्यापासून मांडलेलं असतं. डावीकडं मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर; उजवीकडं भाज्या; मध्ये भात. सगळी पात्रं एकदम समोर, कुणाकडं आधी वळायचं ते जेवणाऱ्यानं ठरवायचं. बंगाली जेवणात पुढं काय येणार ते वाढणारीला ठाऊक असतं आणि ती एकेक पान उलटते. मी हे दादांना सांगितलं. त्यांनी ते बौदींना बंगालीत सांगितलं, आणि बौदींनी मला आणखी एक संदेश वाढला.

दुसरा दिवस ब्योमकेशचा. हॅरिसन रोडला आता महात्मा गांधी रोड म्हणतात, पण दादांच्या तोंडी हॅरिसन रोडच. शरदिंदू तरुणपणी याच रस्त्यावरच्या एका मेसमध्ये राहिले आणि १९३२ मध्ये ब्योमकेश लिहायला घेतल्यावर त्याचा पत्ता त्यांनी इथलाच दिला. मेस म्हणजे नुसती खानावळ नव्हे. मुफस्सिलातून कोलकात्याला नोकरीला आलेले पुरुष एकेका खोलीत दोघं-तिघं राहायचे, सगळ्यांना मिळून एक स्वयंपाकी आणि एक नोकर. शनिवारी गावी बायकापोरांकडं जायचं, सोमवारी परत. आमच्या सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसवरच्या खोल्या मला आठवल्या. पण तिथं राहणारी पोरं शिक्षण झालं की निघून जात. मेसमध्ये माणसं उभं आयुष्य काढत, आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाबद्दल त्यानं सांगितलं तेवढंच त्यांना माहीत असे.

एका जुन्या इमारतीच्या अरुंद, अंधाऱ्या जिन्यासमोर दादा थांबले. जिन्याच्या तोंडाशी पत्रपेट्यांची रांग होती, एकीलाही धड झाकण नाही. "बघा," ते म्हणाले, "इथं कुणाचंही पत्र कुणीही वाचू शकतं." आम्ही तिघंही त्या पेट्यांकडं बराच वेळ बघत राहिलो. येणारे-जाणारे आमच्याकडं बघत होते.

अजित आणि ब्योमकेश यांची ओळख अशाच एका मेसमध्ये होते. अजित लेखक. ब्योमकेश त्याच्या खोलीत राहायला येतो तो खोटं नाव सांगून : अतुलचंद्र मित्र. रहस्यकथेतली बंगालची सर्वांत गाजलेली मैत्री एका खोट्या 'मित्र'पासून सुरू होते, असं दादा म्हणाले. तेव्हा माझ्याकडं त्यांना द्यायला एक गोष्ट होती. मराठीतला पहिला दिवाळी अंक १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकानं काढला. त्याचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र. त्यांचं मूळ आडनाव आजगावकर. बंगालीच्या ओढीनं त्यांनी मित्र हे आडनाव घेतलं. दादा रस्त्यातच थांबले. त्यांनी खिशातून छोटी वही काढून ते लिहून घेतलं, साल दोनदा विचारलं. दुर्गापूजेचे अंक आणि आमचे दिवाळी अंक, दोन्हीकडं वर्षाची कथा ज्यांच्या तारखेवर ठरते ते दोन सण. त्यांच्यामध्ये हे एक आडनाव पुलासारखं पडलेलं आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. सात वर्षांत मी त्यांना सांगितलेली आणि त्यांना माहीत नसलेली ही पहिली गोष्ट.

कॉलेज स्ट्रीटवर दुपार गेली. फूटपाथवर दोन्हीकडं पुस्तकांच्या टपऱ्या, माणसाला वाकडं होऊन चालावं लागतं. पुस्तकाचं नाव सांगितलं की टपरीवाला मागं न वळता हात घालून ते काढतो. पुटीरामच्या दुकानात आम्ही कचोरी आणि हरभऱ्याची डाळ खाल्ली. ब्योमकेशच्या नोकराचं नाव पुंटीराम, त्यामुळं ताईला तिथं बसल्या बसल्या हुरूप आला. मग कॉफी हाऊसमध्ये गेलो. उंच छत, लांब दांड्यांचे पंखे, तुरेवाले फेटे बांधलेले वाढपी. बिनदुधाच्या कॉफीला इथं इन्फ्युजन म्हणतात. एक कप मागवून दोन तास बसलं तरी कुणी उठवत नाही.

तिथं दादांनी आम्हाला लंडनच्या डिटेक्शन क्लबबद्दल सांगितलं. १९३० मध्ये तिथल्या रहस्यकथा लेखकांनी तो काढला, चेस्टरटन पहिले अध्यक्ष. अगाथा ख्रिस्ती, डोरोथी सेयर्स त्यात होत्या. सभासदाला शपथ घ्यावी लागे की माझा गुप्तहेर दैवी साक्षात्कारानं किंवा योगायोगानं नव्हे, बुद्धीनं उलगडा करील आणि वाचकापासून महत्त्वाचा धागा लपवला जाणार नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी मिळून एक कादंबरी लिहिली, प्रत्येक प्रकरण वेगळ्या लेखकाचं, आणि प्रत्येकानं आपल्या मनातला उलगडा वेगळा लिहून द्यायचा. एकमेकांशी स्पर्धा असलेली ही माणसं एकत्र जेवायची आणि एकमेकांच्या कथांतली भोकं शोधायची. ताई म्हणाली, "आपण बी तेच करून राहिलो ना बाप्पा, फक्त जेवण काल पहिल्यांदा झालं."

गडपार रोड हा दादांचा लाडका रस्ता. इथं १०० क्रमांकाचं घर राय कुटुंबाचं. आजोबा उपेंद्रकिशोर यांचा छापखाना तिथंच होता, 'संदेश' तिथून निघायचा, सत्यजित तिथंच जन्मले. आता तिथं शाळा आहे. आम्ही गेलो तेव्हा मधली सुट्टी चालू होती आणि आतून पोरांचा कल्लोळ ऐकू येत होता. पुढं फेलूदाच्या कथांत रायांनी जटायूचं घर गडपारलाच ठेवलं. फेलूदा दक्षिण कोलकात्यात, रजनी सेन रोडला राहतो. आपल्या बालपणाची वस्ती मात्र रायांनी नायकाला न देता जटायूला दिली.

जटायू म्हणजे लालमोहन गांगुली, थरारक कादंबऱ्या लिहिणारा लेखक. 'सोनार केल्ला'मध्ये राजस्थानला जाताना तो कानपूरला गाडीत चढतो आणि फेलूदा आणि त्याचा चुलत भाऊ तोपशे यांच्याशी त्याची ओळख होते. त्याच्या पुस्तकांत चुका असतात. उंट पाणी साठवून ठेवतो असं त्यानं लिहिलेलं असतं. फेलूदा त्याला सांगतो की वशिंडात चरबी असते, पाणी नव्हे. जटायू रागावत नाही. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो म्हणतो, आणि तिथून पुढं तो फेलूदाची साथ सोडत नाही. आमच्या वेरूळला तो येतो, मुंबईला येतो, बहुतेक प्रवासांत बरोबर असतो.

मी ते पुस्तक अशोक जैन यांच्या मराठी अनुवादात वाचलं होतं आणि तो प्रसंग विनोद म्हणून हसून सोडून दिला होता. गडपारच्या त्या शाळेच्या भिंतीशी उभी असताना तो मला वेगळा दिसला. ज्यानं चूक दाखवली त्याच्या मागं हा माणूस मित्र म्हणून जातो, कारण आपलं लेखन कुणीतरी इतकं नीट वाचलं याचं त्याला अप्रूप आहे. मी दादांना म्हटलं, "माझी ट्राम म्हणजे जटायूचा उंट." दादा म्हणाले, "माझाही एक उंट आहे. तुमच्याकडं आलो की दाखवतो."

पुढच्या जानेवारीत दादा आणि बौदी पुण्याला आले. ताईही आली. आम्ही वाईवरून पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरला गेलो. दादांनी पुण्यात अकरा वर्षं काढली तेव्हा ते अनेकदा इथं आले होते, आणि त्याचं कारण मला वाटेत कळलं. ते मला आधी माहीत असायला हवं होतं. शरदिंदू बंद्योपाध्याय १९३८ मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईला आले, १९५२ मध्ये ते काम सोडून पुण्याला येऊन राहिले आणि पुढची जवळजवळ सगळी वर्षं, १९७० मध्ये वारले तोवर, आमच्या गावात लिहीत होते. ब्योमकेशच्या कितीतरी कथा पुण्यात लिहिल्या गेल्या. शिवरायांच्या सैन्यात दाखल होणाऱ्या सदाशिव नावाच्या मराठी पोराच्या गोष्टी त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या. मी पुण्यात जन्मले, पुण्यात रहस्यकथा लिहिते, आणि हे मला कोलकात्याच्या माणसानं पसरणीच्या घाटात सांगितलं.

महाबळेश्वरला हंगाम नव्हता. बाजारात चप्पल आणि चण्यांची दुकानं उघडी होती, पण गिऱ्हाईक थोडं. सकाळी वेण्णा तलावाच्या कडेच्या गवतावर दव गोठून पांढरा थर धरला होता. बौदींनी बोटानं तो उचलून बघितला आणि त्यांच्या बोटावरच तो विरघळला. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर शेतकऱ्यांनी पेंढा पसरला होता. दादांना इथं आणण्याचं कारण 'शैलरहस्य' ही ब्योमकेशकथा. ती महाबळेश्वरला घडते, अशाच थंडीत, रिकाम्या हॉटेलात. आणि ती सुरू होते ब्योमकेशनं अजितला लिहिलेल्या पत्रानं. अजित कोलकात्यात आहे, ब्योमकेश सह्याद्रीत, आणि तो मित्राला इथली हवा, डोंगर, हॉटेल, माणसं सांगतो आहे. सांगता सांगता रहस्य येतं.

त्या संध्याकाळी आम्ही एका कड्यावर बसलो होतो. समोर डोंगरांच्या एकामागं एक रांगा, खाली कोयनेचं खोरं निळं होत चाललेलं. दादांनी त्यांचा उंट काढला. पुण्यात येण्याआधी, नुसती फेलूदाची 'कैलाशे केलेंकारी' वाचून, त्यांनी वेरूळवर एक कथा लिहिली होती. तिच्यात कैलास लेण्याचं काम पायापासून वर चढत जातं, आणि कारागिरांच्या परांचीखाली एक मूर्ती पुरली जाते. कथा छापून आली. नंतर ते सोळा क्रमांकाच्या लेण्यासमोर उभे राहिले, तेव्हा तिथल्या रखवालदारानं त्यांना सांगितलं की हे कळसाकडून खाली कोरत आणलंय. डोंगर वरून खोदत गेले, म्हणून परांची लागलीच नाही. "माझी सगळी कथा त्या परांचीवर उभी होती," दादा म्हणाले. "आधी कळस, मग पाया, हे तुमचे शब्द मी त्या रखवालदाराकडून शिकलो. मराठीतलं माझं पहिलं वाक्य ते."

ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आपण गोष्ट बी तशीच लिहितो ना दादा. आधी शेवट."

दादांनी मान हलवली. खाली खोऱ्यात एका वाडीवर दिवा लागला. कुणीतरी वाटेनं कंदील घेऊन निघालं होतं, तो दिवा झाडांत दिसेनासा होई आणि पुन्हा दिसे. आम्ही तिघंही तोच दिवा बघत होतो. हा माणूस कुठून निघाला असेल, कुठं जातो आहे आणि इतक्या उशिरा का, हे तिघंही मनात जुळवत होतो, हे मला न विचारता ठाऊक होतं. बौदींनी पिशवीतून भाकरवडी काढून सगळ्यांच्या हातावर ठेवली आणि "आर एकटू" म्हणत पुन्हा ठेवली.

हा लेख छापायला देण्याआधी मी दादांना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी दोन दुरुस्त्या सांगितल्या. ताईनं एक सांगितली. तिन्ही केल्या आहेत.